आठचा आकडा आणि आईची अट

लायसन्सच्या कार्डावर मोटरसायकलसाठी फक्त चार अक्षरं असतात. एमसीडब्ल्यूजी. म्हणजे गिअरवाली मोटरसायकल. किती सीसीची, किती वजनाची, किती ताकदीची, याबद्दल कार्ड काहीच बोलत नाही. मी टेस्ट दिली ती काकाच्या स्प्लेंडरवर. ९७.२ सीसी, ताकद आठ पीएसच्या आसपास, वजन ११२ किलो. आता त्याच कार्डाच्या जोरावर मी उद्या हजार सीसीची गाडी घेऊन हायवेला लागले तरी कायदा मला अडवणार नाही. खिसा अडवेल, आई अडवेल, पण कायदा नाही!

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख खिसा आणि आई या दोघांबद्दल आहे. मधे थोडं मेकॅनिक्स येईल, त्याला इलाज नाही, शेवटी ब्रँचच मेकॅनिकल. आणि आणखी एक. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' ऐकलं की मी अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत मोजते. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय. चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या.

टेस्टबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी ती दिलीय आणि उरलेले निम्मे लायसन्स नसताना कँपसमध्ये फिरतात (रेक्टर मॅडम, नावं विचारू नका). लर्निंग मिळाल्यावर तीस दिवस थांबायचं, मग आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायचा. पाय टेकला की संपलं. साताऱ्यात घराजवळच्या शाळेच्या मैदानात मी विटांचे तुकडे मांडून महिनाभर आठ काढले. अर्धा क्लच, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, आणि नजर पुढच्या चाकाकडे नाही तर पुढच्या वळणाकडे. एवढ्या कमी वेगात चाकांच्या फिरण्याचा, म्हणजे आपल्या जायरोस्कोपिक इफेक्टचा, तोल सांभाळायला जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. सगळा तोल हँडलच्या बारीक हालचालींवर असतो. हे पुस्तकात वाचून मार्क मिळवणं वेगळं, आणि विटेच्या तुकड्याला वळसा घालताना कळणं वेगळं.

इतर देशांत काय करतात ते मी शोधलं. ब्रिटनमध्ये माझ्या वयाला, म्हणजे विसाव्या वर्षी, ३५ किलोवॅटपर्यंतच्याच गाडीचं लायसन्स मिळतं. वाट्टेल ती गाडी चालवायला थेट टेस्ट द्यायची तर वयाची २४ पूर्ण लागतात. जपानमध्ये ४०० सीसीपर्यंतचं लायसन्स वेगळं आणि त्यापुढचं वेगळं. आपल्याकडे ही रेघ सरकारने मारलेली नाही, म्हणून ती आपली आपण मारावी लागते. आणि विसाव्या वर्षी स्वतःसाठी रेघ मारायला कोणाला आवडतं सांगा!

आता प्रश्न असा की मला मोठी गाडी हवीच कशाला? खरं उत्तर, हौस. दुसरं कारणही आहे. पुढच्या सेमिस्टरला माझी इंटर्नशिप चाकणला आहे, आणि हॉस्टेलपासून तिथपर्यंत दोन बस आणि एक शेअर रिक्षा. पण त्याला शंभर सीसीची गाडी पुरली असती, हे मलाही माहीत आहे आणि बाबांनाही. बाबांनी ते एकदा बोलून दाखवलं आणि नंतर गप्प बसले. बाबांचं गप्प बसणं म्हणजे पन्नास टक्के होकार.

'मोठी' हा शब्दही गमतीचाच आहे. बाहेरच्या देशांत साडेतीनशे सीसी म्हणजे शिकाऊ माणसाची गाडी. आपल्याकडे घराघरात शंभरची गाडी, त्यामुळे साडेतीनशे म्हणजे एकदम पाटील!

कँटीनच्या कट्ट्यावर विषय निघाला आणि अर्ध्या तासात ज्युरी बसली. अर्ध्यांचं मत ड्यूक. 'घ्यायची तर पिकअपवाली घे, बाकी सगळं दूध घालायला.' दुसऱ्या पार्टीचं मत बुलेट, कारण आवाज. एकाने सेकंडहँड आरएक्स हंड्रेड सुचवली. ती १९९६ साली बंद झाली, म्हणजे गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी! मुलींच्या हॉस्टेलमध्ये चर्चा जास्त व्यवहारी झाली. पार्किंगमध्ये मागे ढकलता येईल का? साडीच्या दिवशी काय करणार? मागे बसणाऱ्याला धरायला काही आहे का? गाडी असली तरी गेट दहालाच बंद होतं, हेही एकीने लक्षात आणून दिलं.

कोणीही थांबण्याबद्दल विचारलं नाही. म्हणून मी वहीत गणित मांडलं. कोरडा डांबरी रस्ता, घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, ब्रेक दाबायला मेंदूला एक सेकंद दिला. ताशी ६० ला गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. ताशी १०० ला ८४ मीटर. वेग दुप्पटही झाला नाही, अंतर मात्र सव्वादोनपट! यात गाडीचं वजन येतच नाही, ते दोन्हीकडून कटतं. म्हणजे कागदावर स्प्लेंडर आणि बुलेट सारख्याच अंतरात थांबतात. फरक एवढाच, की स्प्लेंडर शंभरला पोचेपर्यंत चालवणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ देते. ज्या गाडीवर शंभर कधी झाले ते कळतच नाही, तिथे तो वेळ कोण देणार?

असो. मे महिन्यात बाबांबरोबर शोरूम पालथ्या घातल्या. पहिल्या शोरूममध्ये सेल्समन माझ्याशी बोलायलाच तयार नाही. 'साहेब, मॅडमसाठी स्कूटर दाखवू का?' बाबा म्हणाले, तिलाच विचारा. तरी टेस्ट राइडचा फॉर्म त्याने बाबांपुढेच सरकवला. मग लायसन्स मागितलं. बाबांकडे लायसन्स फक्त चारचाकीचं! त्या टेबलावर मोटरसायकल चालवायचा कायदेशीर अधिकार असलेली एकमेव व्यक्ती मी होते. बाबा इतके हसले की सेल्समनला चहा मागवावा लागला.

मी तीन गाड्या चालवून पाहिल्या.

क्लासिक ३५० बद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही, घराघरात तिचे भक्त आहेत. ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, आणि २७ न्यूटन-मीटरचा टॉर्क चार हजार आरपीएमलाच मिळतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरामात ओढते, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. पण वजन १९५ किलो आणि सीटची उंची ८०५ मिलिमीटर. माझी उंची पाच फूट दोन इंच. एका बाजूचा चवडा टेकत होता, दुसऱ्या बाजूचा जेमतेम अंगठा. चालताना ती गाडी म्हणजे बोट. उभी राहिली की जबाबदारी.

दुसरी ट्रायम्फ स्पीड ४००. ही २०२३ साली आली आणि बनते आपल्या चाकणलाच, बजाजच्या कारखान्यात. ३९८ सीसी, ४० पीएस, वजन १७६ किलो, सीट ७९० मिलिमीटर. खोटं कशाला बोलू, मी प्रेमात पडले. क्लच लोण्यासारखा, वळण म्हणाल तसं. बायपासच्या सर्व्हिस रोडवर सरळ रस्ता मिळाला, मीटरकडे बघितलं तर ८२! मला वाटत होतं पन्नास-पंचावन्न असेल. परत आल्यावर सेल्समन म्हणाला, 'कशी वाटली मॅडम?' मी म्हटलं, मस्त. पण रात्री झोप लागेना. त्या गाडीने मला जरासुद्धा घाबरवलं नव्हतं, आणि तेच मला खटकत होतं. पाच वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ती सोन्यासारखी. माझे तेव्हा मोजून अडीच महिने झाले होते, तेही स्प्लेंडरवर.

तिसरी हंटर ३५०. इंजिन क्लासिकचंच, ताकद तीच, टॉर्क तोच. पण वजन १८१ किलो आणि सीट ७९०. चाकं सतरा इंची, त्यामुळे गर्दीत चटकन वळते. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले. ऐंशीच्या वर तिला न्यायचं तर ती आवाजाने आणि थरथरीने तुम्हाला आधी सांगते, की बाई, आता तू ऐंशीच्या वर चाललीस. कट्ट्यावरच्या ज्युरीला हा दोष वाटतो. मला नाही.

पैशांचंही सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के झाला. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकात तो १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आहे, ३५० च्या वर गेलात की १५,११७. एका सीसीच्या फरकाने दुप्पट! माझ्याकडे सुट्टीतल्या दहावीच्या ट्यूशन्सचे आणि गेल्या वर्षीच्या स्टायपेंडचे मिळून ५८,००० होते. बाकीचं कर्ज बाबांच्या नावावर, हप्ता अर्धा त्यांचा, अर्धा माझा. हेल्मेट, ग्लोव्हज आणि जॅकेटचे पैसे मी आधीच बाजूला काढले होते, नाहीतर ते शेवटी राहतात ते राहतातच.

म्हणजे सगळं ठरलं. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं नाही. मग विचारलं, 'वजन किती म्हणालीस?' मी सांगितलं, एकशे एक्याऐंशी. 'आणि तुझं?' एक्कावन्न. 'मग ती पडली तर उचलणार कोण?' मी म्हटलं, आई, रस्त्यावर लोक असतात, कोणीतरी मदत करतंच. आई म्हणाली, 'लोकांचं सांगू नकोस मला. पडलेली गाडी एकटीने उचलून दाखव, मग घे. कुठली घ्यायची ती घे.'

मला ते नकार देण्याचं शिताफीचं निमित्त वाटलं. मी चिडून मामाला फोन लावला, कारण घरातल्या अपिलाचं कोर्ट म्हणजे मामा. २०११ साली मामाचा कात्रजच्या उतारावर अपघात झाला होता, पायात अजून रॉड आहे. एवढंच मला माहीत होतं. तेव्हा मी पहिलीत पण नव्हते. मामाने आईची अट ऐकली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'तुला ताईने कधी सांगितलं नाही का गं?'

मामाची गाडी शंभर सीसीचीच होती. पहाटेची वेळ, खडीवरून घसरली, वेग फार नव्हताच. गाडी त्याच्या पायावर पडली. पाय मोडला होता आणि अडकलाही होता, आणि गाडी त्याला हलवता येईना. वीसेक मिनिटं तो तसाच रस्त्याच्या कडेला पडून होता. गाड्या जात होत्या, अंधारात कोणाला दिसला नसेल किंवा कोणी थांबलं नसेल. शेवटी एका टेम्पोवाल्याने उतरून गाडी बाजूला केली. दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदांवर सही आईने केली, कारण आजोबांचा हात थरथरत होता.

'पाय मोडला असता तर मलाही उचलता आलीच नसती म्हणा,' मामा म्हणाला. 'हे मी ताईला पण सांगितलंय. पण ती वीस मिनिटं तिच्या डोक्यातून जात नाहीत. तू बघ उचलून.'

मग मी अभ्यासाला लागले. आणि कळलं, की जपानमधल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अगदी सुरुवातीच्या तासालाच पडलेली मोटरसायकल उचलायला शिकवतात. म्हणजे आईने साताऱ्यात बसून जपानचा अभ्यासक्रम लावला होता!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री आहेत, त्यांची स्वतःची जुनी क्लासिक आहे. वजनाला नवीनच्या बरोबरीची. त्यांनी गॅरेजपुढे दोन जुने टायर टाकले आणि त्यावर गाडी हळूच आडवी केली, म्हणजे ओरखडे नकोत. आई बघायला आली होती. म्हणाली, 'टायर काढा.' मिस्त्री म्हणाले, 'वहिनी, हँडल खराब व्हईल.' आई म्हणाली, 'रस्त्यावर टायर कोण टाकून ठेवणार आहे?' शेवटी पोत्यांवर तडजोड झाली.

आता मेकॅनिक्स. १९५ किलो म्हटलं की वाटतं, एवढं वजन हवेत उचलायचंय. तसं नसतं. दोन्ही टायर जमिनीला टेकलेले असतात, ती रेघ म्हणजे टेकू, आणि गाडी म्हणजे त्या टेकूभोवती फिरणारा दांडा. सगळ्यात जड भाग सुरुवातीचा. गाडी जसजशी उभी होत जाते तसतसा गुरुत्वमध्य टेकूच्या वर येत जातो आणि ओझं हलकं होतं. इंजिन बंद करायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची म्हणजे चाक फिरून घसरणार नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, नाहीतर उभी होऊन पलीकडे पडते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, कंबर सीटच्या कडेला टेकवायची, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागचं ग्रॅब रेल. पाठ सरळ. आणि उठायचं नाही, मागे मागे छोटी पावलं टाकत ढकलायचं.

पहिल्या खेपेला गाडी वीतभर हलली आणि परत बसली. दुसऱ्या खेपेला चप्पल घसरली, म्हणून बूट आणायला घरी जाऊन आले. तोपर्यंत गल्लीतली दहा-बारा माणसं गोळा झाली होती. एक आजोबा म्हणाले, 'अरे, पोरीला हात लावा कुणीतरी.' मिस्त्रींनी त्यांना थांबवलं. मला म्हणाले, 'ताई, हातानं वढू नका. हात नुसतं धरायला. पायानं रेटा. पायानं.'

तिसऱ्या खेपेला मी हात विसरले आणि फक्त टाचांचा विचार केला. आधी काहीच होईना. मग पाठीमागे काहीतरी सुटल्यासारखं झालं, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मधेच कुठेतरी ते ओझं खरंच हलकं झालं. मी पुस्तकातली आकृती पाठीने वाचत होते! साइड स्टँडवर गाडी टेकली तेव्हा माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. आईने वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, 'आता डावीकडे पाड.'

डावीकडे पडलेल्या गाडीचा साइड स्टँड अंगाखालीच असतो, त्यामुळे उभी केल्यावर तोल आपल्यालाच धरून ठेवावा लागतो आणि पायाने स्टँड चाचपडत काढावा लागतो. ते दोन खेपांत जमलं. आई गाडीजवळ आली, सीटवर हात ठेवला, मिस्त्रींना विचारलं, 'हिची गाडी यापेक्षा हलकी आहे ना?' मिस्त्री म्हणाले, 'चौदा किलोनं.' मग ती घरी निघून गेली. संध्याकाळी मामाला फोन करून सगळं सांगत होती, ते मी जिन्यातून ऐकलं. त्यात 'उचलली' हा शब्द चार वेळा आला.

हंटर बुक झाली आहे. पहिले दोन महिने पुणे-सातारा नाही, फक्त हॉस्टेल आणि शहर, चाकणला जाताना सोबत असेल तरच, असं आईशी ठरलं आहे. अंधारात तर अजिबात नाही. मला हे मान्य आहे. खंबाटकीची चढण कुठे पळून जात नाही. कट्ट्यावरच्या ज्युरीने 'शेवटी हंटरच?' म्हणून नाकं मुरडली. त्यांच्यापैकी दोघांना मी विचारलं, तुझी गाडी पडली तर तू एकटा उचलशील का? एक म्हणाला, माझी पडतच नाही. दुसऱ्याने रविवारी हॉस्टेलच्या मागच्या मैदानात पोतं टाकून बघू म्हटलंय. ज्यांना यायचंय त्यांनी बूट घालून यावं.

सध्या घरात रंगावरून वाद चालू आहे. मला काळी हवी. आईला रात्री लांबून दिसेल अशी हवी. बाबा गप्प आहेत.